विज्ञानातून ललित लेखनाकडे वळताना

एम.एस्सी. होऊन औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी लागलेली असते किंवा पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू असतं, आणि डोक्यात मात्र कथा, एकांकिका, मालिकेतले प्रसंग घोळत असतात. मुंबईत अशी माणसं बरीच आहेत. त्यांतली बहुतेक जण ‘नोकरी कधी सोडू?’ इथूनच सुरुवात करतात आणि महिनोन्‌महिने तिथेच अडकतात. सुरुवात पूर्ण झालेल्या लेखनापासून करायला हवी. हातात चार पुऱ्या झालेल्या कथा असतील तर राजीनाम्याचा विचार करता येतो. चाळीस अर्धवट फाइली असतील तर अजून तो दिवस आलेला नाही. या लेखातला क्रम त्याच हिशेबाने लावला आहे: आधी पैसा आणि कागदपत्रं, मग सहा महिन्यांची परीक्षा, मग भाषा, मग बाजार, आणि नोकरी सोडणं सगळ्यांत शेवटी.

पैसा आणि कागदपत्रं

बारावी सायन्स झालेल्यांचं सोपं आहे. बी.ए.ला प्रवेश मिळतो आणि दादर-माटुंगा परिसरात रुईया, रुपारेल, कीर्ती अशी मराठी विभागाची चांगली परंपरा असलेली महाविद्यालयं आहेत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल तर पदवी पुरी करा. पुढच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना ‘कोणत्याही शाखेची पदवी’ एवढीच अट असते, पण ती पदवी लागतेच.

संशोधनात असाल तर पैशांचं गणित नीट मांडा. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) महिन्याला ३७,००० रुपये आणि एसआरएफ (सीनियर) ४२,००० रुपये आहे. संस्था सोडली की फेलोशिप त्या महिन्यापासून बंद. इंटिग्रेटेड पीएच.डी.त काही ठिकाणी मास्टर्स घेऊन बाहेर पडता येतं. गाइडशी बोलण्याआधी संस्थेच्या नियमपुस्तिकेत तशी सोय आहे का ते वाचून घ्या. ट्रेनिंग स्कूलमधून सरकारी प्रयोगशाळेत लागलेल्यांनी बाँडची (ठरावीक काळ नोकरी करण्याच्या कराराची) मुदत आणि रक्कम सही केलेल्या मूळ कागदावरच बघावी, सहकाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नये.

कंपनीत असाल तर दोन तारखा महत्त्वाच्या. कायम नोकरीत सलग ५ वर्षं झाली की ग्रॅच्युइटी मिळते. आणि ५ वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागतो. साडेचार वर्षं झाली असतील तर सहा महिने थांबणं हे सरळ पैशांत मोजता येणारं शहाणपण आहे.

हाताशी किमान १२ महिन्यांचा घरखर्च हवा. समजा डोंबिवलीत भाडं, वीज, किराणा, पास आणि घरी द्यायचे पैसे धरून महिन्याला ३२,००० लागतात. म्हणजे ३,८४,००० बाजूला हवेत. आरोग्यविमा वेगळा, कारण कंपनीचं मेडिक्लेम नोकरीबरोबर जातं. १२ महिने अशासाठी की लेखनाचे पैसे उशिरा येतात. मालिकेचं बिल लावल्यावर दोन-तीन महिने जाणं हे रोजचं आहे, दिवाळी अंकाचं मानधन अनेकदा दिवाळीनंतर येतं, पुस्तकाचा हिशेब वर्षातून एकदा होतो. सहा महिन्यांच्या शिलकीवर बाहेर पडलेला माणूस चौथ्या महिन्यात मिळेल ते काम घेतो आणि ज्यासाठी नोकरी सोडली ते लेखन बाजूला पडतं.

सहा महिन्यांची परीक्षा, नोकरी चालू ठेवून

आठवड्यातले पाच दिवस, रोज ३०० शब्द. आठवड्याचे झाले १,५००. तीन हजार शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा दोन-अडीच आठवड्यांत होतो. तो दोन आठवडे बंद ठेवा, मग पुन्हा लिहा. या वेगाने सहा महिन्यांत तीन-चार कथा पुऱ्या होतात, किंवा एक एकांकिका आणि दोन कथा. जमलं नाही तर कारण शोधा: वेळ मिळाला नाही की बसल्यावर सुचलं नाही? वेळेचा प्रश्न सुटतो. दुसऱ्यावर जास्त वाचन हा एकच उपाय आम्हाला माहीत आहे.

सकाळच्या फास्ट लोकलमध्ये लिहिण्याचा हट्ट धरू नका. उभ्याने, एका हाताने फोनवर टाइप केलेली वाक्यं तुटक होतात आणि तीच सवय लागते. ट्रेनचा वेळ वाचनाला आणि ऐकायला द्या. डब्यातली भांडणं, फोनवरची अर्धी संभाषणं, कुणी कुणाला ‘अहो’ म्हणतं आणि कुठल्या वाक्याला ‘अगं’वर येतं, हे सगळं उतरल्यावर दोन ओळींत टिपून ठेवा. लिहायला सकाळी नळाला पाणी येण्याआधीचा तास धरा किंवा रात्री जेवणं झाल्यावरचा. घरात टेबलच नसेल तर रविवारी ग्रंथालय गाठा. दादर पूर्वेचं, १८९८ साली सुरू झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा दादर सार्वजनिक वाचनालय इथे सभासद व्हायला फार पैसे लागत नाहीत, आणि कुठला वाङ्मयप्रकार तुमचा आहे हे तिथल्या कपाटांपुढे उभं राहिल्यावर लवकर कळतं.

वाचन एका वेळी एकाच प्रकाराचं करा. कथा लिहायची असेल तर दहा चांगल्या कथा घ्या आणि प्रत्येकीचा सांगाडा वहीत काढा: प्रसंग किती, प्रत्येकाला किती पानं, किती काळ ओलांडला, पहिला संवाद कितव्या ओळीला. हे मोजमाप विज्ञानाच्या माणसाला सहज येतं आणि इथे ते खरंच उपयोगी पडतं.

भाषा: सर्वांत जास्त वेळ इथे लागतो

प्रयोगाचा अहवाल लिहून लिहून हाताला काही वळणं पडतात. कर्ता गायब होतो. कारण आधी सांगितलं जातं. निष्कर्ष काढूनच परिच्छेद संपतो. अहवालात हे सगळं बरोबरच असतं. कथेत त्याने प्रसंग मरतो. एक नमुना बघा.

पहिला खर्डा: ‘आईच्या प्रकृतीत सुधारणा होत नसल्याचे लक्षात आल्याने सुहासकडून डॉक्टरांना दूरध्वनी करण्यात आला. त्यामुळे घरातले वातावरण तणावपूर्ण झाले होते.’

दुरुस्तीनंतर: ‘आईने सकाळची पेज तशीच ठेवली होती. वर साय धरली होती. सुहासने डॉक्टरांना फोन लावला. वहिनीने टीव्हीचा आवाज बंद केला, पण टीव्ही चालूच ठेवला.’

‘प्रकृतीत सुधारणा नाही’ याच्या जागी न खाल्लेली पेज आली. ‘करण्यात आला’ गेलं, सुहासने स्वतः फोन लावला. ‘तणावपूर्ण’ हा शब्दच उरला नाही. तो ताण वहिनीच्या रिमोटवर गेला. आणि ‘त्यामुळे’ही गेलं, कारण पेज आणि फोन यांचा संबंध वाचक आपणहून लावतो. तो त्याला लावू द्यायचा असतो. लेखकानेच लावून दिला की वाचकाला करायला काही उरत नाही आणि तो पान उलटतो.

सराव म्हणून आपल्या खर्ड्याचं एक पान घ्या. ‘करण्यात’, ‘झाल्याने’, ‘असल्याचे’, ‘दिसून आले’, ‘त्यामुळे’, ‘म्हणजेच’ या शब्दांखाली रेघा मारा. अख्ख्या पानात दोनच ठेवायचे असं ठरवून बाकीची वाक्यं नव्याने लिहा, मग पान मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडतो ते वाक्य अजून अहवालातलंच आहे. पहिले दोन महिने हे प्रत्येक पानावर करावं लागतं, पुढे रेघा आपोआप कमी होतात.

दुसरी खोड समजावून सांगण्याची. विज्ञानकथेचा पहिला खर्डा हमखास दोन पानं यंत्राची माहिती देतो. पात्राचे हात त्या क्षणी जे करताहेत तेवढंच सांगायचं. समजा रात्रपाळीत केमिस्ट एचपीएलसी या औषधाचा नमुना तपासणाऱ्या यंत्रासमोर बसली आहे. कॉलमचं प्रेशर चढतंय, बेसलाइन स्थिर होत नाही, सकाळी आठला बॅच सोडायची आहे आणि प्रॉडक्शनचा माणूस तिसऱ्यांदा येऊन काचेतून बघून गेलाय. क्रोमॅटोग्राफी म्हणजे काय हे वाचकाला कळलं नाही तरी चालतं. लॉगबुकात ती आता खरी वेळ लिहील की नाही, यासाठी तो पुढे वाचेल.

हेच तुमचं खास भांडवल. ऑडिटच्या आदल्या रात्रीची धावपळ, बाटल्या धुणाऱ्या लॅबमामांना ठाऊक असलेली गुपितं, पेपरवर नाव कुणाचं आधी यावरून धुमसणारी भांडणं, फेलोशिप अडकल्यावर मेसचं बिल कुणी भरलं, हे मराठी कथेत फार थोडं आलंय. अवकाशयानं आणि यंत्रमानव यांच्या मागे लागण्याआधी हे लिहा. मात्र कंपनीचे बॅच नंबर, अप्रकाशित निष्कर्ष, खरी नावं यांतलं काहीही वापरू नका. नोकरीच्या करारातलं गोपनीयतेचं कलम राजीनाम्यानंतरही लागू राहू शकतं.

विज्ञानातल्या दोन सवयी मात्र तशाच ठेवा. एक, प्रत्येक खर्ड्याला क्रमांक आणि तारीख, जुना कधीच पुसायचा नाही. तिसऱ्यात काढलेला परिच्छेद पाचव्यात परत लागतो. दुसरी, तपासणी. दोन वाचक ठरवा: एक नियमित मराठी कथा वाचणारा, दुसरा विज्ञान अजिबात माहीत नसलेला. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, ‘छान आहे’ या उत्तराने कथा तसूभरही सुधारत नाही. कुठे वाचायचं थांबलात, कुठलं पात्र पटलं नाही, कुठल्या ओळी गाळून पुढे गेलात, एवढं तीनच विचारा. दोघंही एकाच जागी थांबले असतील तर वाद न घालता ती जागा दुरुस्त करा.

इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना शुद्धलेखनासाठी वेगळा वेळ काढावा लागेल. मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम छोट्या पुस्तिकेत मिळतात. रोज एक घेतला तरी तीन आठवड्यांत होतात. निवेदनात ‘केलं’ की ‘केले’ हे एकदाच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला ऱ नीट टाइप होतोय का बघा. चुकीचा असला तर संपादकाला पहिल्याच पानावर दिसतो. टायपिंग युनिकोडमध्ये, शक्यतो इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. अनेक छापखान्यांत अजून श्री-लिपी ही जुनी, युनिकोडहून वेगळी फाँटव्यवस्था चालते आणि रूपांतरात जोडाक्षरं मोडतात, म्हणून वर्ड फाइलबरोबर पीडीएफही पाठवा.

लेखन कुठे पाठवायचं

मराठीत नव्या कथाकाराचा सर्वांत मोठा दरवाजा अजूनही दिवाळी अंकच आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, त्यानंतर ही प्रथा थांबलेली नाही. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, पण साहित्य मागवायला मेपासूनच सुरुवात होते आणि जुलै-ऑगस्टपर्यंत बऱ्याच अंकांची पानं भरलेली असतात. म्हणून कथा एप्रिलअखेर तयार हवी. गणपतीत पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जाते. सोबतच्या पत्रात शब्दसंख्या, प्रकार, ‘अप्रकाशित’ असा उल्लेख आणि स्वतःबद्दल दोन-तीन ओळी पुरेत. कथेचा सारांश देऊ नका. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका, दोघांनीही घेतली तर दोन्ही दरवाजे बंद होतात. सहा-आठ आठवड्यांनी एकदा विचारणा करा. मानधन किती हे स्वीकृती आल्यावर मोकळेपणाने विचारा, त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

विज्ञानकथेसाठी चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद हे मुंबईतलं हक्काचं ठिकाण. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था विज्ञानकथा स्पर्धा घेते. १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या कथेला बक्षीस मिळालं, आणि ते लेखक म्हणजे कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर निघाले. त्यांनी खगोलशास्त्र सोडलं नाही, आणि २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. विज्ञानकथाकार बाळ फोंडके दुसऱ्या वाटेने गेले: भाभा अणुसंशोधन केंद्रातून विज्ञान नियतकालिकाच्या संपादनाकडे. नोकरी न सोडता लिहिणं हा कमी दर्जाचा पर्याय समजू नका. ज्यांचं संशोधनात मन लागतंय त्यांनी तोच आधी आजमावावा.

नाटकाकडे ओढा असेल तर एकांकिका स्पर्धांपासून सुरुवात करा. पाऊण तासाच्या आतली संहिता, चार-पाच पात्रं, एकच नेपथ्य. प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं) प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी वेळ राखून ठेवा. ग्रुपला लेखी परवानगी देताना ‘या स्पर्धेपुरती’ किंवा ‘इतक्या प्रयोगांपुरती’ असं स्पष्ट लिहा. तालमीला बसा. आपलं वाक्य नटाच्या तोंडात कुठे अडतं हे तिथे जेवढं कळतं तेवढं कुठल्याही कार्यशाळेत कळत नाही.

मालिकांमध्ये पैसा नियमित आहे, पण वेग प्रचंड. कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी माणसं असतात, एपिसोड साधारण २२ मिनिटांचा आणि आठवड्याला सहा. नवा माणूस बहुधा संवाद लेखकाचा सहायक म्हणून आत येतो. काम घेण्याआधी चार गोष्टी ई-मेलवर लिहून घ्या: एपिसोडमागे किती, किती फेरबदल त्यातच धरलेत, नाव कुठे जाणार, पैसे किती दिवसांत. ‘आधी तीन सॅम्पल एपिसोड लिहून दाखवा’ अशी मागणी आली तर एक प्रसंग लिहा, तीन एपिसोड नाही.

कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहून काढलेल्या मांडणीला असतो. म्हणून एका ओळीची कल्पना घेऊन निर्मात्याकडे जाऊ नका. आठ-दहा पानांत पात्रं आणि प्रसंगांसह ती लिहा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवा (सभासद व्हावं लागतं, होतकरू लेखकांसाठी वेगळा वर्ग आहे) आणि भेट झाली की त्याच दिवशी मेल टाका: ‘आज आपण अमुक नावाची माझी कथा ऐकलीत, त्याबद्दल आभार.’ हा साधा मेल उद्या तारखेचा पुरावा ठरतो.

पुस्तकाचं अर्थकारण आधीच समजून घेतलं तर निराशा होत नाही. नव्या लेखकाची आवृत्ती ५०० ते १,००० प्रतींची. किंमत ३०० रुपये आणि रॉयल्टी १० टक्के धरली तर हजार प्रती संपल्यावर ३०,००० रुपये, तेही दोन-तीन वर्षांत मिळून. कथासंग्रहावर घर चालत नाही. पुढची कामं मात्र त्याच्यामुळे मिळतात. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, जाहिरात आली की अटी बारकाईने वाचा. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे. प्रकाशक पैसे मागत असेल तर किती प्रती, कुठला कागद, विक्री कोण करणार हे बिलावर घ्या. आयएसबीएनसाठी वेगळे पैसे लावले असतील तर सावध व्हा, भारतात तो क्रमांक सरकारी एजन्सीकडून मोफत मिळतो.

करारात ‘सर्व माध्यमांतले सर्व हक्क कायमस्वरूपी’ ही ओळ दिसली की पेन उचला आणि खोडा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं धरलं जातं. लेखकाचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे ही सही तुमच्या मुलांच्याही वतीने असते. पुस्तकाचे हक्क द्या. अनुवाद, नाटक, चित्रपट, ऑडिओ यांचे वेगळे ठेवा.

मधल्या काळाची भाकरी

मेडिकल आणि रेग्युलेटरी लेखनात पैसे चांगले मिळतात. पण दिवसभर दुसऱ्याचे शब्द पाडले की संध्याकाळी स्वतःचं वाक्य सुचत नाही. अकरावी-बारावीच्या शिकवण्या आम्हाला त्यापेक्षा बऱ्या वाटतात: आठवड्यातून तीन संध्याकाळ, सकाळ मोकळी, आणि माणसं बघायला मिळतात. मराठी विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांसाठी नोंदी लिहिल्या तर फार पैसे मिळत नाहीत, पण विज्ञान साध्या मराठीत मांडायचा सराव होतो. मानधनातून १० टक्के टीडीएस कापला गेला तर विवरणपत्र भरून तो परत मागा. पहिल्या वर्षी उत्पन्न करपात्र नसतं म्हणून अनेक जण विवरणपत्रच भरत नाहीत आणि ते पैसे तसेच राहतात.

घरी सांगताना ‘मला लेखक व्हायचंय’ एवढंच सांगितलं की आई-बाबांना फक्त नोकरी जाताना दिसते. आकडे सांगा: इतके पैसे बाजूला आहेत, विमा काढलाय, अमुक महिन्यापर्यंत बघणार, नाही जमलं तर परत अर्ज करणार.

राजीनामा

तीन गोष्टी जुळल्याशिवाय देऊ नका. ओळख नसलेल्या संपादकाने स्वीकारलेली किमान दोन लेखनं, एक पैसे मिळालेलं काम, आणि १२ महिन्यांची शिल्लक. त्यांतली पहिली अट पैशांपेक्षा महत्त्वाची, कारण ती मित्रमैत्रिणींच्या कौतुकाने भरून निघत नाही. बोनस किंवा वार्षिक वाढीची थकबाकी हातात आल्यावर, शक्यतो एप्रिलमध्ये बाहेर पडलात तर दिवाळी अंकांचा हंगाम समोर असतो. निघताना रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन पगारस्लिपा आणि फॉर्म १६ घ्या, पीएफच्या यूएएन क्रमांकाला स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला आहे का तपासा. दोन वर्षांनी परत जावंसं वाटलं तर हेच कागद लागतात.

सोडल्यावर पहिले तीन महिने नव्या लेखनाचे तास वाढवू नका. रोज तासाभराची सवय असलेला माणूस एकदम आठ तास बसला की पंधरवड्यात थकतो आणि फोनवर जातो. सकाळचा तास होता तसाच ठेवा, दुपारी दोन तास पुनर्लेखन, उरलेला दिवस वाचन, तालमी, गाठीभेटी. चौथ्या महिन्यापासून दर आठवड्याला अर्धा-अर्धा तास वाढवा, आणि कादंबरीला हात घालायचा असेल तर तो तेव्हा घाला.